अवघड गाणं कुणाच्या बापाचं?

प्रोग्रेसिव्ह रॉकचं नाव काढलं की दोन प्रकारची माणसं माझ्या अंगावर येतात. पहिला प्रकार पांढरपेशा रसिकाचा. त्याच्याकडे तबकड्यांचं कपाट असतं, कपाटाला काच असते आणि काचेला कुलूप. त्याला वाटतं, हे संगीत कळायला घरात तीन पिढ्यांचं इंग्रजी लागतं. आपण म्हणजे ढोलकी, हलगी आणि भोंगा. 'तुमचं ते रांगडं फार छान असतं हो,' असं तो म्हणतो. म्हणजे तुम्ही रांगडेच रहा, असं म्हणतो. दुसरा प्रकार आपल्यातलाच. तो म्हणतो, साल्या, तू गोदीत माल ओढतोस, कविता लिहितोस, आणि कानात गोऱ्या श्रीमंत पोरांची वीस-वीस मिनिटांची भंकस घालून बसतोस? ऐकायचं तर शाहिरी ऐक, रॅप ऐक, पंक ऐक. तीन मिनिटांत कानफटात मारणारं ऐक.

मला दोघांशी भांडायचं आहे. कारण दोघं एकच गोष्ट सांगतात : अवघड ते त्यांचं, सोपं ते आपलं. ही वाटणी कुणी केली? ज्यांनी पाणवठे वाटून घेतले त्यांनीच केली. आणि ती आपण आपल्या हातानं पाळायची? थू!

राहता राहिली लांबी. जयंतीच्या रात्री मैदानात बसून पहाटेपर्यंत कव्वालीचा सामना ऐकणारी आपली माणसं. सवाल येतो, जवाब येतो, पेटीवाला मध्येच वेगळ्या वाटेनं जातो आणि परत येतो, कुणी उठत नाही. त्या माणसांच्या पोराला तेवीस मिनिटांच्या गाण्याची भीती दाखवता? आणि ताल म्हणाल तर पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांत चालतं. भजनात-गझलेत रूपक ऐकलेला कान तिथं अडखळत नाही.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1969 च्या आसपास इंग्लंडमधल्या काही पोरांनी ठरवलं की रॉक म्हणजे फक्त नाचायची तीन मिनिटांची गाणी नव्हेत. त्यांनी एलपीची अख्खी बाजू एका गाण्याला दिली. जॅझ घेतलं, युरोपातलं शास्त्रीय संगीत घेतलं, विषम ताल घेतले. मेलोट्रॉन नावाचं यंत्र घेतलं. त्याची पट्टी दाबली की आत टेपचा तुकडा फिरतो आणि आधी मुद्रित केलेली व्हायोलिनं वाजतात. आठेक सेकंदांत टेप संपते आणि सूर तुटतो. किंग क्रिमझनचा 1969 सालचा पहिला अल्बम 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग' ऐका. त्यात हे मेलोट्रॉन आभाळ भरून यावं तसं भरून येतं. आणि त्यातलं पहिलंच गाणं व्हिएतनामच्या युद्धावर दात-ओठ खात जातं, गायकाचा आवाज मुद्दाम फाडून.

आता त्यांच्या जातकुळीचंही बोलू. लपवायचं कशाला? जेनेसिस हा बँड चार्टरहाउस या खानदानी शाळेतल्या पोरांनी काढला. पिंक फ्लॉइड हे नाव तर दोन काळ्या ब्लूज गायकांच्या नावांतून आलं : पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल. दोघे अमेरिकेच्या दक्षिण भागातले. 1973 साली 'द डार्क साइड ऑफ द मून' जगभर खपत होता तेव्हा दोघेही हयात होते. अँडरसन 1974 साली गेला, कौन्सिल 1976 साली. तो अल्बम घरात असलेल्या किती जणांनी या दोघांचं एक तरी गाणं ऐकलं असेल? आपणही 1972 साली 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. पण आपण ते कुणाकडून घेतलं हे छातीठोकपणे सांगून घेतलं. उसनवारीत लाज नाही. उसनं विसरण्यात आहे.

हे सगळं ध्यानात ठेवून मी ऐकतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलो. गाण्याचे शब्द डिक्शनरी उघडी ठेवून वाचतो. आणि कविता लिहितो म्हणून माझी कसोटी कवितेचीच आहे : एवढी लांबी कशासाठी? खोक्याच्या आकारावरून मालाचं वजन कळत नाही, हे गोदीतल्या पहिल्याच पाळीत कळतं. मोठ्ठं खोकं, आत गवत, आणि गवतात एक चिनीमातीचा कुत्रा, असंही असतं. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये असे कुत्रे पुष्कळ आहेत.

सगळ्यात मोठं खोकं आधी फोडू. येस या बँडचा 1973 सालचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. दोन तबकड्या, चार बाजू, चार गाणी, ऐंशी मिनिटं. हे सगळं कशावर उभं आहे? योगानंदांच्या 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' या पुस्तकातल्या एका तळटीपेवर! गायक जॉन अँडरसननं ती वाचली : हिंदूंची शास्त्रं चार प्रकारची, श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र. झालं. एकेका प्रकाराला एकेक बाजू देऊन टाकली. त्याला त्यात समुद्र दिसला, प्रकाश दिसला.

अरे बाबा, स्मृती म्हणजे काय ते आम्हाला विचार! 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात मनुस्मृती जाळली. का जाळली? ती कवितेचं पुस्तक होती म्हणून नव्हे. माणसानं कुठं राहायचं, काय खायचं, हे तीत लिहिलं होतं म्हणून. नुसती तळटीप वाचणाऱ्याला धूप दिसतो. ज्याच्या पाठीवर ते शास्त्र चाललं त्याला वळ दिसतो. माझा राग अज्ञानावर नाही. ज्या विषयाला चार बाजू दिल्या, त्याची पाचवी बाजू विचारायची बुद्धी चार बाजू भरेपर्यंत झाली नाही, याच्यावर आहे. त्यांच्याच पियानोवाल्याला, रिक वेकमनला, हा प्रकार झेपला नाही आणि 1974 साली तो बँड सोडून गेला. त्याची कारणं संगीताची होती. माझी वेगळी आहेत, पण निकाल एकच.

येसला मी मोडीत काढत नाही. त्यांचा 1972 सालचा 'क्लोज टू द एज' घ्या. त्यातल्या अठरा मिनिटांच्या गाण्याला प्रेरणा हरमान हेसेच्या 'सिद्धार्थ' या कादंबरीची. हा सिद्धार्थ म्हणजे आपला बुद्ध नव्हे. हा ब्राह्मणाचा पोरगा. बुद्धाला भेटतो आणि संघात न जाता पुढे नदीकाठी जाऊन बसतो. त्याच्या निवडीवर माझं भांडण आहेच. पण या गाण्यात बास आणि ड्रम एकमेकांना सोडत नाहीत, एक सूर फुकट जात नाही. अठरा मिनिटं लागतात म्हणून अठरा मिनिटं घेतली आहेत. हेच मी म्हणतो.

एमर्सन, लेक अँड पामर यांच्याबद्दल दोनच वाक्यं. 1974 साली कॅलिफोर्नियात यांनी पियानोवाल्यासकट पियानो हवेत गरागरा फिरवला, आणि 1977 साली अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन दौऱ्यावर निघाले. खर्च न परवडून ऑर्केस्ट्रा मध्येच सोडून द्यावा लागला. ते सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांचे खांदे मला त्या संगीतापेक्षा जास्त ऐकू येतात.

आता जेथ्रो टल. 'ॲक्वालंग', 1971. नावाचं गाणं एका बेघर म्हाताऱ्यावर आहे. इयान अँडरसनच्या तेव्हाच्या बायकोनं लंडनमधल्या बेघरांचे फोटो काढले होते, त्यातून ते आलं. गिटारीचा पहिला फटकाच असा की फुटपाथवर झोपलेला माणूस दचकून उठावा. पुढे दुसऱ्या बाजूला देवाच्या नावानं दुकान चालवणाऱ्या चर्चला यांनी जे धुतलंय ते प्रत्येक पुजाऱ्याला बसवून ऐकवावं. तरीही माझी तक्रार आहे. तो म्हातारा बोलत नाही. त्याच्याकडे बघणारा बोलतो. घृणा, भीती, मग थोडी दया. आपल्या साहित्यात ज्या प्रश्नावर एवढी भांडणं झाली, सहानुभूती की स्वानुभव, तो प्रश्न इथंही आहे. ॲक्वालंग स्वतः गायला असता तर काय गायला असता? ऐकताना हे विचारत रहा.

रश या कॅनडाच्या बँडचा '2112' हा अल्बम 1976 सालचा. त्यात मंदिरातले पुजारी जगावर राज्य करतात, काय ऐकायचं काय वाचायचं तेच ठरवतात. एकाला जुनी गिटार सापडते, तो ती घेऊन पुजाऱ्यांकडे जातो आणि पुजारी ती मोडून टाकतात. वाचूनच आपलं रक्त उसळतं. वाजवलंयही जबरदस्त. पण कव्हरवर यांनी आयन रँड या बाईच्या प्रतिभेला श्रेय दिलं आहे. स्वार्थ हाच सद्गुण असं शिकवणारी ही लेखिका. म्हणून गोष्टीतला हिरो एकटा गिटार शोधतो, एकटा हरतो, एकटा मरतो. त्याला शेजारी नाहीत, चाळ नाही, दोस्त नाहीत. असा विद्रोह मला परवडत नाही.

त्याच्या शेजारी जेंटल जायंटचा 1972 सालचा 'थ्री फ्रेंड्स' ठेवा. शाळेतले तीन दोस्त. एक रस्ते खोदणारा मजूर होतो, एक चित्रकार, एक ऑफिसातला साहेब. भांडण होत नाही, कुणी कुणाला फसवत नाही, तरी तिघं एकमेकांपासून तुटतात. वर्ग नावाची गोष्ट दोस्तीत कशी सुरी फिरवते ते या अल्बमइतकं निवांतपणे कुणी सांगितलेलं नाही. आपल्यातलेही काही आरक्षणातून वर गेले, फ्लॅटमध्ये गेले, आता ओळख देताना इकडेतिकडे बघतात. त्यांना हा अल्बम भेट द्या. चिठ्ठी लिहायची गरज नाही.

आणि चार्टरहाउसच्या पोरांनासुद्धा न्याय देतो. जेनेसिसच्या 1972 सालच्या 'फॉक्सट्रॉट' अल्बममध्ये 'गेट एम आउट बाय फ्रायडे' नावाचं गाणं आहे. एक बिल्डर, त्याचा एक दलाल, आणि एक भाडेकरू बाई. दलाल येऊन गोड बोलतो : नव्या वसाहतीत जागा देतो, सगळ्या सोयी, फक्त ही खोली सोडा. बाई जाते. मग तिथलं भाडं वाढतं. पुढची उडी तर भन्नाट आहे. गाण्यातल्या 2012 सालात सरकारी खातं फर्मान काढतं की यापुढे माणसांची उंची चार फूटच ठेवायची, म्हणजे तेवढ्याच इमारतीत दुप्पट माणसं बसतील! 2012 येऊन गेलं. माणसं चार फुटांची झाली नाहीत, त्याआधीच खोल्या झाल्या. संक्रमण शिबिरात ज्यांचं बालपण गेलं त्यांना यातला एकेक शब्द कळेल. पीटर गॅब्रियल तिन्ही आवाज स्वतः काढतो. दलालाचा आवाज ऐका. हा माणूस तुमच्या दारावर येऊन गेलेला आहे.

पिंक फ्लॉइडचं नाव सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्यांच्यातलं काय घ्यायचं एवढंच सांगतो. 'ॲनिमल्स', जानेवारी 1977. ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'वरून सुचलेला, पण ऑर्वेलचं लक्ष्य स्टालिनची राजवट होती आणि यांचं लक्ष्य भांडवलशाही. कुत्रे, डुकरं, मेंढरं. 'डॉग्ज' हे सतरा मिनिटांचं गाणं धंद्यात गळे कापत वर जाणाऱ्या माणसाची म्हातारपणापर्यंतची कुंडली मांडतं. कव्हरवर लंडनचं बॅटरसी वीजघर आहे, त्याच्या धुराड्यांमध्ये एक फुगवलेलं डुक्कर उडतंय. डिसेंबर 1976 मध्ये फोटो काढताना ते डुक्कर दोर तोडून पळालं आणि विमानांच्या वाटेत गेलं. पण खरी गंमत पुढे आहे. ते वीजघर 1983 साली बंद पडलं आणि 2022 साली दुकानं-महागडे फ्लॅट होऊन उघडलं. 1982 च्या संपानंतर गिरणगावात काय उगवलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे कव्हर समजावून सांगावं लागणार नाही. डुक्कर पळालं नव्हतं, ते आत राहायला गेलं.

'द वॉल', 1979, मला एवढा पटत नाही. 1977 साली माँट्रिऑलला रॉजर वॉटर्स गर्दीतल्या एका ऐकणाऱ्यावर थुंकला, त्याला स्वतःची शरम वाटली आणि त्यातून दोन तबकड्यांचा हा अल्बम निघाला. पैसेवाल्या गायकाचं एकटेपण. असो. पण त्यातलं शाळेवरचं गाणं त्याच्या हातातून सुटलं. 1980 साली दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी शिक्षणावर बहिष्कार टाकणाऱ्या पोरांनी ते घोषणेसारखं गायलं आणि सरकारनं त्यावर बंदी घातली. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं हे एका मर्यादेपर्यंतच महत्त्वाचं. पुढे गाणाऱ्यांचे गळे ठरवतात.

काही गाण्यांना अर्थाचा आधार लागत नाही. किंग क्रिमझनचा 'रेड', 1974. अल्बम बाजारात येण्याआधीच बँड मोडला होता. शेवटचं 'स्टारलेस' बारा मिनिटांचं. सुरुवातीला संथ, दुखरं गाणं. मग मधल्या भागात रॉबर्ट फ्रिप गिटारीवर जवळजवळ एकच सूर धरतो. तोच तोच. खाली बास तेराच्या आवर्तनात फिरतो आहे, ड्रम हळूहळू जवळ येतो आहे. सूर इंचाइंचानं वर सरकतो. आता फुटेल, आता फुटेल, आणि फुटत नाही. ज्यानं रात्रपाळीत क्रेनखाली उभं राहून डोक्यावरचं ओझं खाली येताना पाहिलंय, त्याला हे तबकडीवरचं संगीत वाटणारच नाही.

समुद्राचंच आणखी एक. व्हॅन डर ग्राफ जनरेटर, 'पॉन हार्ट्स', 1971. त्यातलं दीपगृहाच्या रखवालदाराचं तेवीस मिनिटांचं गाणं. त्याच्या डोळ्यांदेखत जहाजं बुडतात, माणसं मरतात, आणि त्याच्या हातात फक्त दिवा आहे. पीटर हॅमिल गात नाही, ओरडतो, कुजबुजतो, तुटतो. पंकवाले म्हणतात ना की आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक गाडला? त्यांच्या जॉनी रॉटननं 1977 साली लंडनच्या रेडिओवर आपल्या आवडीची गाणी लावली, तेव्हा याच हॅमिलची लावली. म्हणजे खऱ्याला खरं ओळखता येतं. भिंती आपल्यासारखे चेले घालतात.

आता माझ्या सगळ्यात जवळचा माणूस. रॉबर्ट वायट. सॉफ्ट मशीनचा ड्रमर. जून 1973 मध्ये चौथ्या मजल्याच्या खिडकीतून पडला, कमरेखाली लुळा झाला. ड्रमरचे पाय गेले म्हणजे अर्धा ड्रम गेला. नोव्हेंबरमध्ये पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीननं त्याच्यासाठी कार्यक्रम करून पैसे उभे केले. आणि 1974 साली त्यानं 'रॉक बॉटम' काढला, फ्लॉइडच्या निक मेसनच्या देखरेखीखाली. त्यातला आवाज बारीक, किनरा, रडका नाही. कीव मागत नाही. पुढे तो कम्युनिस्ट पक्षात गेला. 1982 साली फॉकलंडच्या युद्धावर दुसऱ्यांनी लिहिलेलं 'शिपबिल्डिंग' त्यानं गायलं : बंद पडलेल्या गोदीला पुन्हा काम मिळणार, बायकोला कोट आणि पोराला सायकल घेता येणार, कारण युद्ध आलंय; आणि त्याच जहाजांतून त्याच गल्लीतली पोरं मरायला जाणार. ते प्रोग्रेसिव्ह रॉक नाही, साधं पियानोवरचं गाणं आहे. पण 'रॉक बॉटम'मधूनच तो तिथं पोचला. पोटाचा आणि माणुसकीचा हा पेच एवढ्या हळू आवाजात कुणी मांडलेला मी ऐकलेला नाही. माझ्या टोळीतल्या तिघांना मी त्याचा अर्थ सांगून ऐकवलं. कुणी काही बोललं नाही. चहा गार झाला.

आणि ज्यांना वाटतं हे सगळं इंग्रजांचंच, त्यांनी इटलीचा एरिया ऐकावा. 'आर्बाइट माख्ट फ्राय', 1973. नाव नाझी छळछावण्यांच्या फाटकावरच्या पाटीचं. पहिलंच गाणं अरबी बोलणाऱ्या बाईच्या आवाजानं उघडतं. गायक देमेत्रिओ स्त्रातोस; आईबाप ग्रीक, जन्म इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. त्याच्या गळ्यातून माणसाचा आवाज कुठवर जाऊ शकतो ते कळतं. 1979 साली चौतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या उपचारासाठी मिलानमध्ये कार्यक्रम ठरला होता; तो आदल्याच दिवशी गेला. कार्यक्रम झाला, श्रद्धांजलीचा. आणि भाषा येत नाही म्हणून न्यूनगंड असेल तर फ्रान्सचा माग्मा ऐका. त्यांनी गाण्यासाठी अख्खी नवीन भाषाच बनवली. तिथं पेडर रोडचा साहेब आणि आपण सारखेच अडाणी!

शेवटचं, आणि आपल्या धंद्याचं. 12 मार्च 1978 रोजी लंडनमध्ये हेन्री काउ या बँडनं पाच देशांतले पाच बँड एकत्र आणले आणि नाव दिलं 'रॉक इन ऑपोझिशन'. कंपन्या यांचं संगीत काढायला तयार नव्हत्या. मग यांनी एकमेकांचे कार्यक्रम लावले, आपलं आपण काढलं, आपलं आपण विकलं. हे वाचून कशाची आठवण येते? प्रस्थापित मासिकांनी परत पाठवलेल्या कविता घेऊन चार पोरं वर्गणी काढतात आणि अंक छापतात, त्याचीच. अवघड लिहिणाऱ्याला आणि अवघड वाजवणाऱ्याला बाजार एकाच दारानं हाकलतो.

तेव्हा दोस्तहो, क्रम सांगतो. पहिल्यांदा 'ॲनिमल्स'. मग जेनेसिसचं ते एक गाणं, शब्द समोर ठेवून. मग 'थ्री फ्रेंड्स'. कान तयार झाला की 'स्टारलेस', रात्री, दिवा मालवून. त्यानंतर 'रॉक बॉटम' आणि एरिया. 'टोपोग्राफिक ओशन्स' सगळ्यात शेवटी, भांडायसाठी. कपाट लागत नाही. मोबाइल आणि पन्नास रुपयांचं इअरफोन पुरतं. एकदा ऐकून कळलं नाही तर दोनदा ऐका. कविता नाही आपण दोनदा वाचत?

हे संगीत आपल्यासाठी बनवलं नव्हतं, हे खरं आहे. ग्रंथालयंही आपल्यासाठी बांधली नव्हती. आपण आत गेलो, वाचलं, जे खोटं होतं त्याला खोटं म्हटलं आणि जे खरं होतं ते घेऊन आलो. इथंही तेवढंच करायचं आहे. माझी यादी ज्याला पटणार नाही त्यानं पुढच्या अंकात मला शिव्या घालाव्यात. पण आधी ऐकून.